सविस्तर चर्चा झाली

पंचायत समितीत सव्वीस वर्षं मी इतिवृत्त लिहिलं.
सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर.
खोकला लिहायचा नसतो, हसणं लिहायचं नसतं,
सभापती म्हणाले "हे घेऊ नका"
की पेनाला टोपण.

हिरामण ढोके. गण क्रमांक सात. अपक्ष.
पहिल्या निवडणुकीत चिन्ह आलं शिट्टी.
महिनाभर पोरं त्याच्या मागे शिट्ट्या मारत फिरली,
कशापायी, ते गावाला ठाऊक होतं,
त्यानंही कधी लपवलं नव्हतं.
तो म्हणे, "वाजवा राजेहो, फुकटात प्रचार होते."
एकशे बारा मतांनी आला.

माणूस गोड नव्हता, हेही सांगितलं पाहिजे.
चहाचं बिल दोनदा बेरीज करून बघायचा.
सोनेगावचा हातपंप मोडला
तर तुटका दांडा खांद्यावर घेऊन
सरळ सभागृहात.
वेशीवर कमान बांधायचा विषय निघाला,
दोन लाख ऐंशी हजार,
नाव त्याच्याच समाजाच्या पुढाऱ्याचं,
हात एकट्याचा विरोधात:
"कमानीखाली बसतीन का पोरी?
शाळेले पहिले संडास बांधा."
हे मी लिहिलं.
संडास खोडून प्रसाधनगृह केलं,
पण लिहिलं.

मग तो मार्चमधला विषय क्रमांक नऊ.
घरकुलाच्या यादीत एकट्या माणसांना शेवटी टाकणे.
हिरामण उठला. चष्मा नव्हता, कागद लांब धरून
नावं वाचली: नवऱ्यानं टाकलेली बेबी कुमरे,
मुका श्रावण, गुल्हानेची बिनलग्नाची बहीण.
मग कागदाची घडी केली.
"अन् मी. तुमच्या यादीत एकटा.
घरी एकोणीस वर्षांपासून केजाजी नेवारे हाय.
पंक्चरवाला. सारे हवा त्याच्यापाशीच भरता.
थो माहा कोण, थे लिवाले तुमच्या फारमात जागा नाई.
मांग भांडी घासाची पाळी त्याची का माही
याच्यावर आमचं रोज भांडण होते.
एकट्या माणसाचं कोनासंग होते जी?"

पंखा कुरकुरत होता.
मागच्या बाकावर कोणी शिट्टी काढली,
अर्ध्यावरच थांबली.
सभापती माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे घेऊ नका."
मी टोपण लावलं.
विषय दोन मतांनी पडला.
गुल्हाने खाली मान घालून हात वर करून बसला होता,
मोजणी संपली तरी.

वहीत आहे:
विषय क्र. ९. सविस्तर चर्चा झाली. नामंजूर.

पुढच्या खेपेला हिरामण पडला.
शाळेचे संडास झाले, कमानही झाली.
मी निवृत्त झालो.

परवा सायकल घेऊन गेलो केजाजीकडे.
हिरामण आत बाजेवर, मांडीवर उधारीची वही.
ट्यूब पाण्यात बुडाली, बुडबुडे आले,
आणि काय झालं कोण जाणे, मी बोलून गेलो,
"त्या दिवशीचं तुमचं मी काही लिहिलं नाही."

"मालूम हाय," तो म्हणाला.
"दुसऱ्याच दिवशी नक्कल काढली होती,
वीस रुपये भरून."
वहीतून मान वर केली नाही.
"अक्षर मात्र सुरेख हाय तुमचं."

केजाजीनं ठिगळावर अंगठा दाबून धरला, बराच वेळ.
मी पन्नासची नोट दिली.
हिरामणनं चिल्लर दोनदा मोजली,
मग माझ्या हातावर ठेवली.