काच क्रमांक चारशे बारा

काळबादेवीला, तिसऱ्या मजल्यावर,
छपराला काचा बसवलेल्या आमच्या स्टुडिओत
खोटं बोलायलाही उजेड लागायचा,
तोही उत्तरेचा, सकाळी दहा ते एक.

मी रिटचर. शिसपेन, चाकू, बारीक ब्रश.
देवीचे व्रण बुजवले, नसलेली बटणं दिली,
एका जावयाला तर हनुवटीच दिली.
तान्हं मूल हलू नये म्हणून युक्ती सोपी:
आईच्या मांडीवर मूल, आईवर चादर,
आई खुर्ची व्हायची.
सात मोजून होईपर्यंत
खुर्ची श्वास रोखून धरायची.

एका भाटिया शेठला स्वतःशीच बुद्धिबळ खेळायचं होतं.
आधी अर्धी काच झाकली, मग उरलेली अर्धी.
जिंकलं कोण, विचारलं
तर म्हणाला, माणसं दोन असली तरी बिल एकाचंच लावा.

मग सुंदराबाई अजिंक्य आल्या, दिराला घेऊन.
नवरा गाठीच्या तापात गेलेला.
कपडे, गादी, सगळं म्युन्सिपालटीनं जाळलं.
उरला गोदीतल्या कारकुनांचा एक ग्रुप फोटो:
मागची रांग, डावीकडून चौथे मोरोबा,
चिंचोक्याएवढे,
अर्धा गाल पुढच्याच्या पगडीआड.
"एकटे हवेत," त्या म्हणाल्या. "बसलेले. पूर्ण."

पूर्ण!
चिंचोका वाढवत नेला तसा तो विरत गेला,
डोळ्यांचे झाले दोन डाग.
झाकलेला गाल उघड्या गालावरून उतरवला,
बुबुळात खिडकी ठेवली, ठिपक्याएवढी.
पण धड कुठून आणायचं?

धाकू होता. पाणी भरायचा, काचा धुवायचा,
रसायनानं बोटं काळी, उजवा अंगठा जरा वाकडा.
त्याला अंगरखा घातला, उपरणं दिलं,
मानेला मागून लोखंडी चिमटा लावला,
म्हटलं, हात गुडघ्यांवर, हलू नकोस.
तो हलला नाही.
सात झाल्यावरही.

मानेपाशी त्याला संपवला मी.
सांध्यावर उपरण्याची घडी रंगवली,
बोटांचा काळेपणा काढला,
अंगठा तसाच राहिला.
वेळ नव्हता, की हात झाला नाही,
आता सांगता येत नाही.

सुंदराबाई चेहऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.
पदराच्या टोकानं अंगठ्यावरची
नसलेली धूळ पुसली.
"असेच बसायचे," म्हणाल्या.

फ्रेम पोचवायला धाकूच गेला, ठाकुरद्वारला.
उशिरा परतला. खिळा ठोकायला
त्यालाच स्टुलावर चढवलं होतं,
हारही त्यालाच घालायला लावला,
हात पोचत होता म्हणून.
एवढं सांगितलं आणि काचा धुवायला बसला.

त्याचा फोटो काढायचा राहूनच गेला.
चारशे बारा माझ्याकडे आहे अजून:
अंगरखा, गुडघे, दोन हात,
आणि वर, चाकूनं खरवडलेली जागा.
उजेडासमोर धरली
की तिच्यातून खालचा रस्ता दिसतो,
एक पखालवाला, एक घोडागाडी,
सगळे हलणारे.