चौथी गुंडी

कोटाला गुंड्या सहा.
मी मोजल्यात, कारण दुसरं काही करायचं नव्हतं.
म्हणजे होतं, पण करायचं नाही असं ठरवलं होतं.

बेगायिम, वय तीन वर्षं आणि एक उन्हाळा,
नमद्याच्या तंबूच्या दाराशी उभी,
हनुवटी छातीला टेकवून.
गुंडी काजातून जराशी डोकावते
आणि मागे फिरते,
माणसाची चाहूल लागलेल्या मार्मोटसारखी.

बाहेर सोन-कुलचं पाणी आज शिशाच्या रंगाचं.
बाकीची सात जणं दगडांचं दुकान मांडून बसलीत:
गोल दगडाला एक मेंढी, चपट्याला टेलिफोन.
उधारी बंद, असं एल्दोस सगळ्यांना बजावतो
आणि लगेच उधार देतो.

माझे हात पाठीमागे.
एकाने दुसऱ्याचं मनगट पकडलंय
चोराला धरावं तसं.
शिवशिवतात. दोन चुटक्यांचं तर काम.

माझ्या पहिल्या बाईंचा चेहरा आठवत नाही,
दोरी आठवते.
मऊ होती, उंटाच्या लोकरीची,
डावा हात बाकाला बांधायची.
रोज गाठ मारण्याआधी त्या फुंकर घालायच्या बोटांवर,
थंडी असायची ना.
मी आता उजव्या हाताने सुरेख लिहिते.
पीठ मात्र डाव्यानेच मळते, अजून.

जिल्ह्याहून आलेल्या तक्त्यात रकाने दोन:
गुंडी लावता येते. गुंडी लावता येत नाही.
मी मधल्या रेघेवर पेन्सिलीने लिहिलं, येतंय.
साहेबीणबाईंनी ते खोडरबराने पुसलं,
वहीत कचरा नको म्हणाल्या.

तीन झाल्या.
चौथी अडली, आणि बेगायिम तिच्याशी बोलायला लागली,
महिनाभर जिने मला
'पाणी' आणि 'नको' एवढंच दिलं होतं ती:
"ये आत. बाहेर लांडगा आहे.
मी आहे ना आत. ये."
मी श्वास रोखला.
दुकानातला टेलिफोन तेवढ्यात वाजला, कुणी उचलला नाही.

आणि सायराकुल आली घोड्यावरून,
बाह्यांना घोडीच्या दुधाचा आंबूस वास,
दोन तासांनी पुन्हा धार काढायची, मधे शेण्या गोळा करायच्या.
"अगं, अजून कोटच?"
टक टक टक. चौथी, पाचवी, सहावी.
वाईट काहीच केलं नाही तिने. आई होती, घाई होती.

बेगायिमने पोटाकडे पाहिलं.
मग असं रडली की दुकान बंद झालं.

"घोड्या थांबतील का?" मी विचारलं.
"कशा थांबतील?"
"मग तू जा. हिला मी आणून सोडते."

ती गेल्यावर सगळ्या सहा गुंड्या सोडल्या पोरीने,
स्वतः लावलेल्या तीनसुद्धा.
सोडायला तिला फार छान येतं,
तक्त्यात त्याला रकाना नाही.

आम्ही निघालो तेव्हा मेंढ्या परतत होत्या.
चौथी गुंडी तिसऱ्या काजात,
त्यामुळे वरचं सगळंच एक घर चुकलेलं,
कॉलर एका कानाला लागत होती,
दुसऱ्या बाजूने वारा आत जात होता.
मी बोलले नाही.
बोलावंसं खूप वाटलं.

"वाकडा लागलाय," सायराकुल म्हणाली.
"मी लावलाय," बेगायिम म्हणाली,

आणि आत चुलीपाशी जाऊन
काढायला बसली.