अंदाजे किंमत

पंचनाम्याला दोन पंच लागतात.
एक चहावाला बसू, तो रोजचाच.
दुसरा मी, अंबादास येमूल, वय त्रेपन्न,
धंदा यंत्रमागाचे धोटे दुरुस्त करणे,
दुकान चौकीला खेटून,
म्हणून वर्षाला चार-पाच चोऱ्या, एखादी मारामारी
माझ्या सहीनं खरी होते.

त्या दिवशी टेबलावर डालड्याचा डबा.
आत मेणकागदाचं पुडकं,
पुडक्यात पिस्तुलाच्या गोळ्या, बुडाशी ४३ चा शिक्का.
लढाई संपल्यावर फौजेनं उरलंसुरलं लिलावात काढलं,
कांबळी, तंबू, पत्र्याचे मग,
तेव्हा मिलच्या साहेबानं घेतलेल्या.
साहेब गेला, पिस्तूल त्याच्याबरोबर गेलं.
गोळ्या स्टोअरच्या फळीवर राहिल्या
बॉबिन आणि ग्रीसच्या मध्ये,
रजिस्टरात सदर : किरकोळ.

मिल बंद पडली
तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं.
कुणी पंखा, कुणी खिडकीचे गज,
एकानं तर भोंग्याची साखळी.
स्टोअरकीपर नागनाथ बिराजदार शेवटी निघाला
हा डबा घेऊन.
त्याचं येणं होतं सहा हजार आठशे चाळीस.
घरी म्हणाला, लष्करी माल आहे,
जुना होईल तसा भाव चढतो.

आता तो नाही. मुलगी महानंदा समोर बसलेली,
कडक भाकरीचा धंदा, बोटांना लसणाचा वास.
आधी मंगळवार बाजारात गेले होते, म्हणाली.
भंगारवाल्यानं तराजूत घातल्या आणि लगेच काढल्या :
"पितळ साडेचारशे किलोनं जातंय ताई,
पण आतली दारू कोण काढणार?
काढली असती, पण मला पोरं हायत."
बंदुकीच्या दुकानातला म्हातारा चष्मा पुसत बसला.
"उडाली तर उडाली, नाही तर फुस्स.
फुस्स झालेलीचीच भीती जास्त, ती मागनं उडते.
परवाना असता, पावती असती,
तर एखाद्या हौशी माणसानं घेतलं असतं.
गोळ्या नव्हे. पुडकं."
मग हळूच म्हणाला, कुणी आणायच्या आधी
तुम्हीच चौकीत जावा.

हवालदार इनामदारांनी मोजल्या.
पुडक्यावर पन्नास. भरल्या पंचेचाळीस.
"पाच कुठं?"
ती पदराशी चाळा करत म्हणाली, "सागरगोट्या."
"काय?"
"मी आन् सुनंदा खेळायचो. दुपारी, फरशीवर.
चिंचोक्यांपेक्षा चांगल्या उडायच्या.
हरवल्या मग, पोरींच्या वस्तू हरवतात तशा."
बसूनं हातातली किटली जरा लांब सरकवली.

"येमूल, तुमचा हात धातूचा. किंमत काय लिहू?"

मी एक तळहातावर घेतली.
बारीक, थंड, धोट्याच्या टोकासारखी.
धोटासुद्धा सुटतो मागातनं.
माझ्या चुलत्याचा डावा डोळा तसाच गेला,
मिलनं दोनशे दिले आणि पगारी सुट्टी आठ दिवस.
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं अंदाजे किती.
म्हणालो, "लिहा, सहा हजार आठशे चाळीस."
इनामदार हसले. चांगला माणूस.
रकान्यात लिहिलं : निरंक.
खाली आम्ही सह्या केल्या,
बसूनं तेलुगूत, मी मराठीत,
तिनं कन्नडात, वळणदार, शाळेत शिकलेली.

गोळ्या कापडात बांधून लाखेचं सील झालं.
डबा मुद्देमालात धरायचा का, यावर थोडी चर्चा झाली.
"डब्याला काय करायचंय," इनामदार म्हणाले,
"आमच्याकडं आधीच जागा न्हाई."
"मग द्या की," ती उठली. "शेंगाचटणीला होतोय."

पायऱ्या उतरताना डबा तिच्या काखेत वाजला.
रिकामं भांडं वाजतंच म्हणा.
मी दुकानात येऊन कानशीला तेल लावलं.
पंचानं दिसलं तेवढ्यावर सही करायची असते,
ऐकलेल्याचा रकाना
फॉर्मात नाही.