कडता

साहेब सांगतात, पहिली दहा मिनिटं
भाव तोंडातून काढायचा नाही.
कुणी विचारलाच तर पाणी मागायचं.
आधी मोल. मोल एकदा बसलं
की भाव येतो मागून, बैलामागे गाडी यावी तसा.
साहेब मार्केटला कधी आलेले नाहीत.

तीनशे किलोचा काटा,
म्हणजे तो तोलतो तीनशे, स्वतः भरतो बावीस,
हे मी तुर्भ्याच्या पुलाखाली रिक्षावाल्यालाही समजावलं,
तरी त्याने तीस रुपये जास्तच घेतले.

कांदा-बटाटा मार्केट, सकाळचे सहा.
ढोबळेशेठ गादीवर, कानाला फोन,
"चौदाच्या वर जात नाही, ओल आहे मालाला,"
आणि त्याच श्वासात मला, "बोला ताई."

मी बोलले.
गंज न धरणारं पोलाद, चाळीस तास बॅटरी,
दोन वर्षं वॉरंटी, पाच ग्रॅमचाही फरक नाही.
पंख्याखाली सालं उडत होती कांद्याची,
त्यांत माझंही काही उडत असावं.

मागे थप्पीला टेकून ज्ञानू शेडगे. मापाडी. तेहतीस वर्षं.
सोयरीक घेऊन आलेल्यांच्या चपलांकडे बघावं
तसा काट्याकडे बघत होता.
मग पुढे आला, एका गोणीचे कान धरले,
वीतभर उचलली, सोडली.
"बावन्न. वर दोन-तीनशे."

गोणी काट्यावर ठेवली.
लाल आकडे थरथरले, सावरले.
बावन्न किलो दोनशे साठ.

शेठनी पहिल्यांदाच फोन खाली घेतला.
"मग हा आहेच की माझ्याकडे!
याला चार्जिंगला फक्त चहा लागतो."
हमाल हसले. मीही हसले.
ट्रेनिंगच्या वहीत या पानाचा पत्ता नव्हता.

इथे पाणी मागायला हवं होतं.
मी विचारलं, "दादा, तुम्हाला कळलं, मला कळलं.
ओतूरला बसलेल्या माणसाला कसं कळायचं?"
ज्ञानूने मान खाजवली.
"त्याला कुठं कळतंय? त्याला पट्टी जाते.
कडता कापून."

कडता हा शब्द उच्चारला
की गाळ्यातली जागा जराशी कमी होते.
शेठ लोडावरून सरकले. एका हमालाला
अचानक दुसऱ्या गाळ्यात काम आठवलं.

चिठ्ठीचं मी शेवटी सांगणार होते, सातव्या पानावर.
बटण दाबलं नुसतं.
किर्र करून दोन बोटं कागद बाहेर आला,
तारीख, वेळ, बावन्न दोनशे साठ.
शेठनी तो वाचला. उलटा करून पाहिला.
मागे काहीच नव्हतं.

"हा खोटं बोलतो का?"
"नाही."
"मग अडचणच आहे," म्हणाले,
चेष्टेत की कसं, मला अजून कळलेलं नाही.
आणि मग, कुणाकडेच न बघता,
"ओतूरचा भोर दोन हंगाम झाले
माल पुण्याला उतरवतोय."

मी वही मिटली.
एवढं एक वाक्य ऐकायला मी
आठ महिने किती गाळ्यांत काय काय बडबडले.

चहा आला. फोन परत कानाला गेला.
"राहू दे चार दिवस," हाताच्या इशाऱ्यात.

ज्ञानू तेवढ्यात काट्यावर चढला,
कुणी बघत नाहीसं बघून. एकसष्ट चारशे.
चिठ्ठी हातात घेऊन मला म्हणाला,
"यात चपला धरल्यात. कडता लावा की."
लावला नाही, तर खूश झाला,
घडी करून बंडीच्या खिशात ठेवली, तंबाखूच्या पुडीमागे.

बाहेर तोच रिक्षावाला.
"काटा?"
आत आहे.
"खपला?"
भाव तर अजून
कुणी विचारलाच नाही, म्हटलं,
आणि त्याच्याकडचं पाणी मागून प्यायले.