कंटिन्युइटीची वही

हर्मिनिया कातिग्बाक हे नाव पोस्टरवर मावेना,
म्हणून डॉन सेव्हेरिनोंनी ते दोन्हीकडून छाटलं:
मिन्या सोलार.
सतरा वर्षांची, तालहून बसनं आलेली.
पिशवीत बराको कॉफीचा पुडा, निर्मात्याला भेट,
आणि आईनं शिवलेला एकच बरा झगा.

मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी.
माझं काम लिहून ठेवायचं:
कप कुठल्या हातात होता, वेणी पुढे की मागे,
डास चावल्याचा डाग मागच्या शॉटमध्ये होता का.

पहिल्या सिनेमात तिला एकच वाक्य.
“बाईसाहेब, गाडी आलीय.”
मी लिहिलं: दार डाव्या हातानं. उंबऱ्यावर थबकते.
थबक असं कुणी सांगितलं नव्हतं तिला.

केसोन सिटीचा तो पत्र्याचा स्टुडिओ, आत भट्टी.
वीज गेली की सगळे बाहेर सिगारेटी ओढत.
ती मात्र अंधारात तशीच उभी,
हात हवेत, मान अर्धी वळलेली,
वीज येईपर्यंत.
“तुला शोधत बसायला नको, नेना,” म्हणायची.
माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलेलं नाही,
नवरासुद्धा.

अकरा वर्षं नायिका.
तीनदा मेली: एकदा क्षयानं, एकदा बुडून,
एकदा धाकट्या दिराच्या गोळीनं.
वहीत आहे: मेल्यावर पापणी हलली. पुन्हा.

मग टीव्ही आला आणि ती खलनायिका झाली.
दर मंगळवारी कुणाच्या तरी थोबाडीत.
कुबाओच्या बाजारात एका कोळणीनं
बांगुस माशाचं मुंडकं फेकून मारलं तिला.
मिन्यानं रुमालानं गाल पुसला,
उरलेला मासा तोलून घेतला,
घासाघीस न करता.
सेटवर येऊन म्हणाली,
“मंगळवारचं काम पोचतंय.”

पुढे आई. आपल्याहून नऊ वर्षांनी लहान हिरोची.
मग आजी. केस रंगवणं सोडलं,
तेवढाच विगचा खर्च वाचला, असं प्रॉडक्शनवाले म्हणाले.
संवाद कमी झाले, खुर्ची मिळाली.

मागल्या वर्षी कुणी पोरं आली, जुने सिनेमे वाचवणारी.
गोदामातून डबे आणले, झाकणं उचकटली.
आत रीळ नव्हतंच.
चिकट, तपकिरी, काकवीसारखं काहीतरी,
आणि डोळ्यांत पाणी आणणारा शिरक्याचा वास.
चौदा सिनेमे.
पोरं रडवेली झाली.
मिन्यानं काळा चष्मा वर केला, वाकून वास घेतला.
“शिरका आहेच. आता लसूण टाका,
अडोबो करा माझा.”
सगळे हसले. मी तिच्याकडे पाहत होते,
सवयच आहे.
आधी उजवा डोळा.
नेहमी आधी उजवाच.

परवा ती मालाबोनला माझ्याकडे आली.
वह्या कपाटावर असतात, पुराच्या पाण्याच्या वर;
तरी खालच्या तीन फुगल्यात,
शाई पसरून निळं तळं झालंय.
“वाच,” म्हणाली.
काय वाचू? यात गोष्ट नाही गं.
कोण कुणावर प्रेम करत होतं ते मी कधी लिहिलंच नाही.
यात फक्त बटणं, बांगड्या,
मेणबत्ती किती उरली होती ते.
“तेच वाच.”

मी वाचलं. सीन चार.
दार डाव्या हातानं.
त्र्याहत्तर वर्षांची बाई उठली,
माझ्या स्वयंपाकघराचं नसलेलं दार लोटलं
आणि उंबऱ्यावर
थबकली.
बाहेर ट्रायसिकल फटफटत गेली, कुकरची शिटी झाली.
ती हलली नाही.

“वेणी?” तिनं विचारलं, ओठ न हलवता.
पुढे, मी म्हटलं. डाव्या खांद्यावर.

तिनं मानेपर्यंत कापलेले पांढरे केस
चाचपले,
आणि होतं नव्हतं ते सगळं
पुढे घेतलं.