किरण कुठवर आला?

शालनआत्याला आता फक्त कडा दिसतात,
मधलं सगळं पुसलेलं.
"माणसांचे कान दिसतात, तोंड नाही," म्हणते,
"म्हणून तर हल्ली सगळी बरी वाटायला लागलीत."

किरणोत्सवाचा शेवटचा दिवस.
महाद्वारातून आत शिरलो तेव्हा
एका हातानं तिनं माझं मनगट धरलेलं,
दुसऱ्यात ओटीची पिशवी,
आणि पिशवीतला नारळ
पावलागणिक माझ्या गुडघ्यावर.
चपला ठेवणारी म्हणाली, "नव्या हाईत न्हवं? जोड बांधून ठेवू?"
"ठेव. पण करकरतात त्या.
हरवल्या तर आवाजावरनं हुडकीन."

गाभाऱ्यातले दिवे मालवले.
हेडमास्तर व्हरांड्यात आल्यावर वर्ग होतो
तशी गर्दी गप्प झाली.
"बोल," आत्यानं मनगट दाबलं. "कुठवर आला?"
उंबऱ्यावर.
"आता?"
पायांवर. पिवळा नाही गं, गुळासारखा.
"ढेपेचा रंग, का काकवीचा?"
मी नीट पाहिलं.
काकवीचा.
"मग उशीर झालाय त्याला."

गुडघे.
कमरेला टेकला, न टेकला,
आणि तिथंच विरायला लागला.
ढग आला, कुणी म्हणालं.
फडातल्या पाचटाचा धूर, दुसरा म्हणाला.
तिसऱ्यानं कुणाच्या तरी गच्चीवरच्या
पाण्याच्या टाकीचा उद्धार केला.
मी खोटं सांगायला तोंड उघडलं होतं,
तोंडावर आला गं आत्या, असं,
पण हजारभर माणसांनी एकदम 'च्च' केलं
आणि माझं खोटं घशातच राहिलं.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली.
"दिवसभर उभी आहे बाई. सगळ्यांनी तोंडच बघायचं का तिचं?"

रात्री रंकाळ्यावर भेळ खाल्ली.
डी.एड.ला असताना ती इथं कुणाबरोबर यायची
हे विचारायचं माझ्या मनात आलं,
पण तिनं आणखी एक मिरची मागितली
आणि विषय मिरचीवर गेला.

दुसऱ्या दिवशी खिद्रापूर.
दिलावर मुल्लाणीची गाडी,
पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं उसाच्या ट्रॉल्या,
मध्ये दिलावरच्या शिव्या,
आत्या बसलीय म्हणून अर्ध्यावर गिळलेल्या.

कोपेश्वराला नंदी नाही.
"सतीला घिऊन माहेरी गेला," राखणदार म्हणाला,
"तिकडंच ऱ्हायला, नदीपल्याड, यडूरला."
"शहाणा," आत्या म्हणाली. आणि हत्तींकडे वळली.

देवळाच्या पायाशी हत्तींची रांग.
ती वाकून एकेकावर तळवा फिरवत निघाली.
याची सोंड तुटलीय.
याचीबी.
याचा सुळा गेला.
हा चांगला आहे, थांब, नाही, पायच नाही याला.
एकोणिसाव्यापाशी ती खुदकन हसली.
"कान मात्र आहेत की रे सगळ्यांना!"

स्वर्गमंडपाला वर छत नाही,
आभाळाचा एक गोल तेवढा कापून ठेवलाय.
दुपारचं ऊन त्यातून तिरकं उतरून
एका बाजूच्या खांबांकडे लांबट पसरलेलं.
ती चाचपडत तिकडे निघाली.
मी मनगट सोडवून घेतलं.
आता तू सांग, कुठवर आला?

"पायांना लागला."
ती सरकली.
"गुडघ्याला. दुखऱ्या."
आणखी एक पाऊल.
"पोटावर."
मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही.
मान वर, डोळे मिटलेले.
वर गोलाच्या कडेनं एक पारवा चालत गेला,
त्याच्या नखांचा आवाज खालपर्यंत आला.

"आला तोंडावर," ती म्हणाली.
"चटका बसतोय मेला. सावलीत घे मला."

बाहेर दिलावरनं तिच्या चपला उचलून
झाडाखाली ठेवल्या होत्या. फक्त तिच्याच.
माझ्या उन्हात तापून पापड.
मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो,
आणि ती पुढं निघाली होती, एकटी,
गाडी कुठं आहे हे न विचारता,
करकर, करकर.