नऊ मीटर

लिएपाया बंदरामागे, बंद पडलेल्या तागाच्या गिरणीत
मी आणि ताल्वाल्दिस शिडं कापायचं टेबल बांधतोय.
नऊ मीटर. पातं त्या टोकाला जाईल, परत येईल,
सूतभरही चुकणार नाही,
असं मी गिऱ्हाइकाला सांगून बसलेय.

स्क्रूचा भाव ऐकून ताल्वाल्दिसने टोपी काढली,
मयताला काढतात तशी.
एवढा लांब स्क्रू तसाही मधे झोळ खातो,
जोरात फिरवला की दोरीउड्या मारतो.
पट्टा परवडतो. पट्टा ताणतो.

मग स्केटचं एक चाक, स्प्रिंगने रुळावर दाबलेलं,
फेऱ्या मोजत धावणारं.
तिसऱ्या मीटरपर्यंत खरं बोलतं,
सहाव्याला हातचं राखून,
नवव्याला चक्क थाप.

म्हणून दर मीटरला एक चुंबक.
तिथे पोचलं की मागची थाप माफ,
नव्याने मोजायला लाग.

चुंबकांच्या जागा आखायला पोलादी टेप
बंदर कचेरीतल्या जिद्राबाईंनी दिली,
रविवारपुरती, सही घेऊन.
टेप खरी वीस अंशांना. शेडमध्ये चार.
दीड मिलिमीटर थंडीने गिळलं.
ते आम्ही पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवलंय,
उधारी लिहितात तसं.

काल पहिलं शीड कापलं.
गिऱ्हाईक म्हातारा कोळी, कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला,
वारा हिला वीतभर ताणेल, माहीत आहे ना?

माहीत आहे.
तो हिशेब वाऱ्याचा.